सात वाढीव गुण आणि बाकीचा हिशेब

वाचकांचे प्रश्न या सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे कलेविषयीची होती. घरात, शाळेत आणि गावात तिच्यासाठी वेळ व पैसा का खर्च करायचा, असाच त्या सर्वांचा सूर होता. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. सातवीपासून ती चित्रकलेच्या क्लासला जाते. एलिमेंटरी झाली, नंतर इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी मिळाली; म्हणजे दहावीचे सात वाढीव गुण पदरात पडले. आता क्लास बंद करून तो वेळ गणित-विज्ञानाला द्यावा, असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. तिला क्लास सोडायचा नाही. चित्रकलेमुळे गणितही सुधारते, असे माझ्या वाचनात आले आहे. ते खरे असेल तर मला घरात मांडायला एक मुद्दा मिळेल. (एक आई, कराड)

उत्तर : आपल्याला हवा असलेला मुद्दा घरातल्या पहिल्याच वादात मोडून पडेल, म्हणून तो न दिलेलाच बरा. कलेमुळे बुद्धी तल्लख होते या समजुतीला जगभर खतपाणी मिळाले ते 1993 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगामुळे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकवल्यावर आकृत्यांविषयीच्या एका चाचणीत त्यांची कामगिरी थोडी सुधारली आणि ती सुधारणा काही मिनिटांतच ओसरली, एवढाच त्या प्रयोगाचा निष्कर्ष होता. पण पुढच्या पाच वर्षांत गोष्ट इतकी फुगली की, 1998 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी अभिजात संगीत पोहोचवण्यासाठी सरकारी पैसे मागितले. 2000 मध्ये एलन विनर आणि लोइस हेटलंड या दोन अभ्यासकांनी अशा संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. वर्गात नाटक करून पाहिल्याने मुलांची भाषा सुधारते, याला त्यांना चांगला आधार मिळाला; चित्रकला शिकल्याने इतर विषयांतले गुण वाढतात, याला मात्र भरवशाचा पुरावा मिळाला नाही. दोघीही कलाशिक्षणाच्या कैवारी होत्या, तरी त्यांनी हे स्पष्टपणे लिहिले आणि स्वतःच्याच गोटातल्या लोकांची नाराजी ओढवून घेतली. शिवाय गणिताच्या भरवशावर चित्रकला टिकवली, तर सहामाहीत गणिताचे गुण घसरताच क्लास त्याच कारणाने बंद होईल.

मग इतके दिवस ती क्लासमध्ये काय शिकली? वस्तुचित्राचा तास डोळ्यांसमोर आणा. पाटावर चुरगळलेले कापड, त्यावर तांब्याचा तांब्या, शेजारी दोन कांदे आणि एक वांगे. नवखे मूल तांब्याचे तोंड पूर्ण गोल काढते, कारण ते गोल असते हे त्याला ठाऊक असते; बूड सरळ रेषेने काढते, कारण तांब्या सपाट जागेवर ठेवलेला आहे, हेही त्याला ठाऊक असते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि चित्र मात्र चुकलेले असते. शिक्षक हात लांब करून, पेन्सिल आडवी धरून, एक डोळा मिटून माप घ्यायला सांगतात, तेव्हा त्याच्या ध्यानात येते की आपल्या जागेवरून ते तोंड चपटे, लांबट दिसते आहे, बुडाला हलका बाक आहे, आणि पलीकडे उंच बाकावर बसलेल्या मुलीला तेच तोंड अधिक गोल दिसत असणार. आपल्याला जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवून समोर काय आहे ते पाहायचे आणि दुसऱ्याला ते वेगळे दिसत असेल हे गृहीत धरायचे, ही सवय शाळेच्या दुसऱ्या कोणत्याही तासाला इतक्या रोखठोकपणे लावली जात नाही. मुलीच्या वडिलांना सांगायचेच असेल तर हे सांगा. या सवयीला गुणपत्रिकेत रकाना नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे.

क्लास सुरू ठेवावा असे मला वाटते. पण तो कसा आहे, हे एकदा स्वतः जाऊन पाहा. पुष्कळ क्लासमध्ये स्मरणचित्राच्या नावाखाली छत्रीवाली मुलगी, फुगेवाला आणि पाठमोरा शेतकरी अशा तयार आकृत्या घोटून घेतात, आणि विषय ‘पावसाळी दिवस’ असो की ‘जत्रा’, मुले त्याच आकृत्या जागा बदलून मांडतात. त्यात स्मरण कोणाचे, हा प्रश्नच आहे. परीक्षा संपली आहे, म्हणजे अशा घोकंपट्टीचे कारणही संपले आहे. दहावीच्या वर्षात आठवड्यातून एक सकाळ आणि एक साधी चित्रवही एवढे तिच्याकडे राहू द्या, आणि त्या वहीत कोणी शेरा मारू नये.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेत कलाशिक्षक नाही, वेळापत्रकात मात्र कलेचे तास आहेत. मला स्वतःला चित्र काढता येत नाही, म्हणून मी फळ्यावर एखादे सोपे चित्र काढते व मुले ते उतरवून घेतात. रंगपेट्या सर्वांकडे नसतात. या तासाला अर्थ कसा आणावा? (एक शिक्षिका, हिंगोली जिल्हा)

उत्तर : आधी कायद्याचे बोलू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तरच कलाशिक्षणासाठी निदेशक, आणि तोही अर्धवेळ, देण्याची तरतूद आहे. म्हणजे लहान गावांतली बहुसंख्य मुले या तरतुदीच्या बाहेरच राहतात. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कला आणि विज्ञान यांत, अभ्यास आणि अभ्यासेतर यांत कडक भिंत नको, असे सांगते, ते चांगलेच आहे. मात्र कला इतर विषयांत मिसळा, असे सांगणे सोपे आणि स्वस्तही असते. ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयावरच्या भित्तिपत्रकाला मुलांनी रंगीत किनार काढली की कलाशिक्षण झाले, अशी नोंद होऊ लागते. आपला स्वतंत्र तास अशा कामांसाठी देऊ नका.

आपल्याला चित्र काढता येत नाही, ही अडचण आपण समजता तेवढी मोठी नाही. फळ्यावरचे चित्र उतरवून घेणे ही त्याहून मोठी अडचण आहे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि नारळाचे झाड हे चित्र महाराष्ट्रभर मुले काढतात. आपल्या शाळेच्या खिडकीतून बहुधा तूर आणि कापूस दिसत असेल, नारळ दिसत नसेल. फळा मोकळा ठेवा आणि मुलांना ज्याची खात्रीने माहिती आहे असे काहीतरी सांगा : सोयाबीनचे खळे, गोठ्यातले वासरू कसे बसते, आईने चूल सारवली तेव्हा बोटे कशी फिरली. मूल चित्र घेऊन आले की ‘छान’ म्हणून परत पाठवू नका. ‘हा कोण, आणि हा इकडे का पाहतो आहे?’ असे विचारा. आपला अर्धा तास तिथेच सार्थकी लागेल.

साहित्याचा प्रश्न या राज्यात फार पूर्वी सोडवला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणार नाहीत, हे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी ओळखले, आणि शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. बालशिक्षणाच्या इतिहासात हे प्रकरण परिस्थितीशी केलेली तडजोड म्हणून सांगितले जाते. मला ती पद्धत मूळ साधनांपेक्षा सरस वाटते, कारण एकाच मापाच्या लाकडी ठोकळ्यापेक्षा चिंचोक्यांच्या ढिगात निवडायला, जुळवायला आणि हात फिरवायला कितीतरी अधिक असते. गेरू, कोळसा, हळद, खडू, जुन्या वर्तमानपत्रांचे कागद यांवर आपले वर्ष निघेल. गावात टोपल्या विणणारे, घोंगडी विणणारे, भारूड म्हणणारे कोणी असेल तर त्यांना महिन्यातून एकदा वर्गात बसवा. त्यांच्या चहापाण्याची आणि शक्य झाल्यास मानधनाची तजवीज शाळा व्यवस्थापन समितीकडून करून घ्या. फुकट बोलावलेल्या कलावंताचे मोल मुलांच्या लेखी फुकटच राहते.

आणि चित्रांना क्रमांक देणे थांबवा. निदान चौथीपर्यंत.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. लहानपणापासून गाणे शिकण्याची इच्छा होती. आता क्लास लावला तर मुले हसतात, ‘बाबा, आता मैफली करणार का?’ म्हणून विचारतात. या वयात शिकून काय मिळणार? (एक ज्येष्ठ नागरिक, नाशिक)

उत्तर : मैफल मिळणार नाही, हे आपणही जाणता, म्हणून त्या चेष्टेला उत्तर देण्याची गरज नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्यामागे सभ्य गृहस्थाला उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे न राहता गाणे शिकता यावे, हाही हेतू होता. शिकलेले सगळे गवई होणार नाहीत, हे त्यांना दिसतच होते. त्यांतून चांगले ऐकणारे मात्र तयार झाले, आणि महाराष्ट्रात संगीताला जो श्रोता लाभला त्यात या शाळांचा वाटा मोठा आहे.

आपल्यालाही तेच मिळेल. पहिले काही महिने सा नीट लागणार नाही. मग यमन शिकवायला घेतील आणि ‘नि रे ग’ असे वर जाताना सा ओलांडून जायला सांगतील. तोपर्यंत यमन म्हणजे संध्याकाळी रेडिओवर लागणारे काहीतरी गोड, एवढीच ओळख असते. एकदा स्वतःच्या गळ्याने तो सा टाळून पाहिला की पुढच्या वेळी गायक त्या सा वर मुद्दाम उशिरा येतो, तेव्हा आपण खुर्चीत पुढे सरकून बसाल. परीक्षांच्या फंदात पडू नका, आणि तान शिकवण्याची घाई करणारा शिक्षक निवडू नका.

प्रश्न : आमच्या तालुक्यात पिण्याच्या पाण्याची योजना रखडली आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृहासाठी कोट्यवधी रुपये मागितले जात आहेत. पोट भरलेल्यांचा हा छंद समाजाच्या पैशातून का पोसायचा? (एक तरुण शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : दोन्हींतून एकच निवडण्याची वेळ खरोखर आली, तर पाणी निवडावे; यावर वाद घालणारा माणूस मला भेटलेला नाही. परंतु पाणी योजनेची फाइल नाट्यगृहाच्या फायलीखाली दबली आहे, असे सहसा नसते. ती वेगळ्या टेबलावर, वेगळ्या कारणांनी अडलेली असते, आणि नाट्यगृह रद्द झाले म्हणून ती हलत नाही.

आपल्या पत्रातला ‘पोट भरलेल्यांचा छंद’ हा शब्दप्रयोग मात्र तपासून पाहायला हवा, आणि त्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागणार नाही. शेजारच्या चंद्रपूरपासून गडचिरोली, भंडारा, गोंदियापर्यंत धान पिकवणारा जो झाडीपट्टीचा मुलूख आहे, तिथे दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांचे दिवस सुरू झाले की गावोगाव रात्रभराची नाटके होतात. गावातली मंडळी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथील नाट्यमंडळांकडे जाऊन तारीख ठरवतात, धान निघालेल्या मोकळ्या बांधीत मंडप पडतो, तिकिटे विकली जातात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, दिवसा सोयरिकीची बोलणी होतात आणि रात्री सगळे गाव नाटकाला जाते. होळीच्या सुमारास हंगाम संपतो. हा सगळा व्यवहार सरकारी अनुदानाच्या आधाराने उभा राहिलेला नाही. तो शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या खिशातून चालतो. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांना झाडीपट्टीचे नाव प्रथमच कळले, हा दोष झाडीपट्टीचा नाही.

गरिबाला कला परवडत नाही, असे आपण म्हणतो. पण ज्यांच्याकडे वर्तमानपत्र नव्हते, सभागृह नव्हते, त्यांनीच ती हत्यारासारखी वापरली. सत्यशोधकांचे आणि पुढे आंबेडकरी चळवळीचे जलसे ज्या वस्त्यांत गेले, तिथे छापील लेख वाचणारे थोडेच होते. सावकाराचे खाते, शिवाशिव, मुलांची शाळा हे विषय गण-गवळण-वगाच्या परिचित साच्यात आले म्हणून लोक ते रात्र-रात्र ऐकत बसले. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांच्यापुढचा श्रोता गिरणीची पाळी संपवून आलेला होता. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांच्या डफावर मैदाने भरली. ही माणसे पोट भरल्यावर कलेकडे वळलेली नव्हती.

आता इमारतीकडे येतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी नाट्यगृह बांधले आणि त्याच्याच लगत कुस्तीचे खासबाग मैदान उभारले; राजाच्या लेखी तालीम आणि नाटक या शेजारी ठेवण्याच्या गोष्टी होत्या. ते नाट्यगृह, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले, तेव्हा रंगकर्मींच्या बरोबरीने कधी नाटकाला न गेलेली माणसेही रस्त्यावर उभी राहून रडली. अशी आपुलकी ठेकेदाराला कंत्राट देऊन मिळत नाही, आणि इथे आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. कित्येक नाट्यगृहे उद्घाटनानंतर कुलपात असतात. भाडे हौशी मंडळाच्या आवाक्याबाहेर असते. रंगमंचावर झुंबर असते, पण स्त्री-कलावंतांसाठी धड स्वच्छतागृह नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी मागणी होत असेल, तर वर्षातून किती रात्री ते स्थानिक मंडळांना, शाळांना आणि तालुक्यांतून येणाऱ्या पथकांना परवडणाऱ्या दरात मिळणार, हे आपण मागणीदारांकडून लेखी मागा. उत्तर आले नाही, तर जरूर विरोध करा. मी आपल्या बाजूने लिहीन.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलाच्या कुंपणभिंतीवर एका ठेकेदाराकडून वारली चित्रे रंगवून घेतली. एका सभासदाने सभेत आक्षेप घेतला की ज्यांची ही कला, त्यांना यातून काहीच मिळाले नाही. भिंत सुंदर झाली, एवढे पुरेसे नाही का? (गृहनिर्माण संस्थेचे एक पदाधिकारी, ठाणे)

उत्तर : त्या सभासदांचे म्हणणे रास्त आहे. वारल्यांच्या घरी लग्न ठरले की कुडाच्या, शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. बांबूच्या काडीचे टोक चेचून तीच लेखणी करतात. चौकात पालघाट देवी असते, भोवती झाडे, माणसे, जनावरे. लग्न लावणारी स्त्री, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ते चित्र त्या विधीचाच भाग असते, शोभेसाठी काढलेले नसते. 1970 च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी तीच रेषा कागदावर आणली आणि विधीबाहेरचे जगणे, जाळे, शेत, मुंग्यांची रांग, तिच्यात पकडले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून ही कला घराबाहेर काढूच नये, असे कोणी म्हणणार नाही. ती वारल्यांनी स्वतःच बाहेर आणली आणि तिच्यावर आज अनेक घरे चालतात.

2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने माल विकण्यावर त्यामुळे काही बंधन आले, पण आपल्या कुंपणावर कोणी पहारा ठेवलेला नाही. तेव्हा प्रश्न कायद्यापेक्षा आपल्या निवडीचा आहे. ठेकेदारांच्या भिंती ओळखू येतात : त्रिकोणांची तीच माणसे, तारपा या फुंकवाद्याभोवती तोच नाच, आणि मधे कुठेतरी संस्थेचे बोधचिन्ह. डहाणू, तलासरी, जव्हार भागातील चित्रकार ठाण्यापासून काही तासांच्या अंतरावर आहेत. त्यांना बोलावले असते, तर त्यांनी कदाचित आपल्या संकुलाचे वाहनतळ, लिफ्टसमोरची रांग आणि गणपतीची मिरवणूकही त्या रेषेत आणली असती.

पाऊस लागला की दोन वर्षांत बाहेरचा रंग उडतोच. पुढच्या वेळी संस्थेने चित्रकारांशी थेट करार करावा, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च मजुरीतून वजा करू नये, काय काढायचे ते त्यांच्यावर सोपवावे आणि काम संपल्यावर भिंतीवर त्यांची व त्यांच्या पाड्याची नावे लिहून घ्यावीत. ठेकेदाराच्या मोबाइल क्रमांकासाठी आत्ता जेवढी जागा ठेवली असेल, तेवढीच त्यासाठी पुरते.